अंतर्गळ, गेटपास आणि कंत्राटी कामगार

भिलाईच्या पोलाद कारखान्यात अपघात झाला की त्याची बातमी होते. जून २०१४ मध्ये विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीचा स्फोट होऊन दहाहून अधिक जण होरपळून मेले. दोन्ही वेळा चौकशी झाली, भरपाई जाहीर झाली, वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. ते योग्यच झाले. परंतु जड ओझी वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला आणखी एका प्रकारचा मृत्यू येत असतो. त्याला ना स्फोटाचा आवाज असतो, ना चौकशी समिती. जांघेत वर्षानुवर्षे बाळगलेली एक गाठ एके रात्री आत जाईनाशी होते, पोट फुगते, उलट्या सुरू होतात, आणि दोन-चार दिवसांत घरचा कर्ता माणूस नाहीसा होतो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले जाते : आतड्याचा अडथळा, किंवा रक्तातील जंतुदोष. कारखान्याचे नाव त्या दाखल्यावर कोठेही नसते.

या आजाराला मराठीत अंतर्गळ म्हणतात. बोलण्यात सर्वत्र हर्निया हाच शब्द रूढ आहे. पक्षाच्या मुखपत्रात हर्नियावर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. जगात दर वर्षी जांघेतील हर्नियाच्या सुमारे दोन कोटी शस्त्रक्रिया होतात. पुरुषांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार गाठतो. इटलीच्या बासिनी या शल्यवैद्याने १८८० च्या दशकात पाडुवा येथे त्यावरची पहिली भरवशाची शस्त्रक्रिया रूढ केली, त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. इतक्या जुन्या, इतक्या सामान्य आणि इतक्या साध्या उपायाने बऱ्या होणाऱ्या आजाराने जर आज माणूस मरत असेल, तर तो वैद्यकशास्त्राच्या अपुरेपणाने मरत नाही. तो रजेच्या, मजुरीच्या आणि गेटपासच्या नियमांनी मरतो. आणि हे नियम तर कामगार संघटनेच्या रोजच्या कामाचा विषय आहेत.

प्रथम आजार समजून घेऊ. पोटाच्या पुढील भिंतीत स्नायूंचे थर असतात. या भिंतीत काही जागा जन्मतःच कच्च्या असतात : जांघेत, मांडीच्या मुळाशी, बेंबीपाशी. जुन्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांची जागाही तशीच कमजोर राहते. पोटातील दाब वारंवार वाढू लागला की या कच्च्या जागेतून आतील पडद्याची एक पिशवी बाहेर येते आणि तिच्यात आतड्याचे वेटोळे उतरते. दाब वाढण्याची कारणे कामगाराला सांगावयास नकोत. ओझे उचलणे हे एक. धुळीने जडलेला जुनाट खोकला हे दुसरे. बद्धकोष्ठ आणि म्हातारपणी लघवीला कुंथावे लागणे ही आणखी दोन. सुरुवातीला गाठ उभे राहिल्यावर दिसते आणि आडवे झाल्यावर नाहीशी होते. दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. लंगोट आवळून बांधतो, बाजारातून पट्टा आणतो. पट्ट्याने गाठ दाबून राहते, भोक बुजत नाही.

धोका पुढे आहे. आत-बाहेर जाणारे वेटोळे एखाद्या दिवशी त्या अरुंद तोंडात अडकते. आतड्यातून पुढे काहीच सरकेनासे होते. पोट फुगते, उलट्या होतात, वारा सरत नाही. याहून वाईट म्हणजे वेटोळ्याला फास बसतो. शिरांच्या भिंती पातळ, म्हणून प्रथम त्या दबतात : रक्त आत येत राहते, पण परत जाऊ शकत नाही. आतडे सुजते, सुजल्यामुळे फास आणखी आवळला जातो, आणि शेवटी धमनीही बंद होते. रक्ताविना आतड्याची भिंत काही तासांतच मरू लागते; वैद्यकीय व्यवहारात सहा तासांची मर्यादा ध्यानात ठेवण्याची रीत आहे. त्यानंतर कोथ होतो, आतडे फुटते, त्यातील घाण पोटात पसरते आणि जंतुदोष सर्व शरीरात भिनतो. या टप्प्यावर शस्त्रक्रिया झाली तरी ती अंतर्गळाची साधी शस्त्रक्रिया उरत नाही. मेलेले आतडे कापून काढावे लागते, काही वेळा मलमार्ग पोटावर काढून ठेवावा लागतो, आणि रोगी वाचला तरी कित्येक महिने कामाला मुकतो.

एक गोष्ट येथे ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण तिने अनेकांना फसविले आहे. आतडे मरू लागले की वेदना काही काळ कमी होऊ शकते. घरच्यांना वाटते उतार पडला. इस्पितळात जाण्याचा बेत सकाळवर ढकलला जातो. काही वेळा आतड्याच्या भिंतीचा एखादाच भाग अडकतो. अशा वेळी शौचाला होत राहते आणि डॉक्टरचीही दिशाभूल होते. म्हणून नियम सोपा ठेवावा. नेहमी आत जाणारी गाठ जात नाही, ती घट्ट झाली आहे आणि दुखते आहे, एवढे दिसले की निघावयाचे. जुलाब द्यावयाचा नाही, शेक द्यावयाचा नाही, तेल लावून चोळावयाचे नाही, जोर लावून गाठ आत ढकलावयाची नाही, आणि पोटात अन्नपाणी घालावयाचे नाही.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळी दक्षता हवी. त्यांच्यात अंतर्गळ एकंदरीने कमी आढळतो. पण मांडीच्या मुळाशी येणारा प्रकार त्यांच्यात तुलनेने अधिक असतो, आणि नेमका तोच फास बसण्याच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. गाठ सुपारीएवढी असते. लाजेने ती दाखविली जात नाही आणि कपड्याआड ती सहज चुकते. बांधकामावर डोक्यावरून विटा आणि वाळू वाहणारी स्त्री रात्रभर उलट्या करीत असेल, तर पित्ताची गोळी देऊन मोकळे होण्यापूर्वी तिची जांघ तपासली पाहिजे. एवढी एक गोष्ट वस्तीवरच्या दवाखान्यांनी पाळली, तरी जीव वाचतील.

आता एक शास्त्रीय निष्कर्ष पाहू. तो कामगाराच्या विरुद्ध वापरला जाऊ शकतो, म्हणून त्याची नीट ओळख असणे आवश्यक आहे. २००६ साली अमेरिकेत ७२० पुरुषांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांना जांघेतील हर्निया होता, पण त्रास जवळजवळ नव्हता. निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच केली, निम्म्यांना वाट पाहण्यास सांगितले. वाट पाहणाऱ्यांत आतडे अडकण्याचे प्रसंग फार थोडे निघाले : हजार माणसांमागे वर्षाला दोनहूनही कमी. तेव्हा त्रास नसेल तर थांबण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे याच माणसांचा मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांच्या आत सुमारे ६८ टक्के जणांनी आपणहून शस्त्रक्रिया करून घेतली, बहुतेकांनी दुखणे वाढल्यामुळे.

अभ्यास चांगला आहे, निष्कर्षही खोटा नाही. प्रश्न असा की, थांबणारा माणूस कोण आहे? त्या अभ्यासातील माणसाला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक होते. धोक्याची चिन्हे त्याला समजावून दिलेली होती, त्याची वेळोवेळी तपासणी होत होती, आणि गाठ अडकलीच तर तो त्याच दिवशी शल्यवैद्याच्या टेबलावर पोचू शकत होता. ज्याच्या पाठीवर सिमेंटची पन्नास किलोची गोणी आहे, जो आजार लपवून काम करतो आहे, आणि ज्याला रात्री अकराला वाहन मिळवण्यासाठी शेजाऱ्यांकडे हात पसरावा लागतो, त्याचे थांबणे हे शास्त्रीय थांबणे नाही. पहिल्याला वैद्य थांबवितो, दुसऱ्याला कंत्राटदार. एकच शब्द दोन वर्गांच्या तोंडी दोन अर्थांचा होतो, त्याचे याहून उघड उदाहरण मिळणे कठीण.

हा दुसरा माणूस भिलाईत कोठे राहतो? त्यासाठी या शहराची रचना पाहावी लागेल. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, आणि नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग हा लोहमार्ग सरळ कारखान्याच्या दाराशी जातो. त्यामुळे विदर्भातील मराठी माणसाला भिलाई कधी परकी वाटली नाही. कारखान्याबरोबर नगर वसले : आखीव सेक्टर, शाळा, उद्याने, आणि सेक्टर ९ मधील मोठे इस्पितळ. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीने कामगाराला काय मिळू शकते, याचा तो नमुना होता. कायम कामगाराला हर्निया झाला तर तो आपल्या इस्पितळात दाखल होतो, पगारी रजा घेतो आणि हलक्या कामावर परततो. त्याची गाठ फास बसण्याइतकी जुनी होण्याचे कारणच राहत नाही.

पण त्याच नगराच्या कडेने कॅम्प, खुर्सीपार, जामुल या बाजूंना दुसरे भिलाई वाढले. तेथे कंत्राटी कामगार राहतो. तिकडे त्याला ठेका श्रमिक म्हणतात. कायम कामगारांची संख्या दशकानुदशके घटत गेली आणि त्यांची कामे कंत्राटदारांकडे जात राहिली. भट्टी तीच, राख तीच, ओझे तेच. वेगळी आहे ती फक्त हजेरीची वही. या माणसाला मोठ्या कारखान्यात शिरण्यास गेटपास लागतो आणि गेटपाससाठी शारीरिक पात्रतेचा दाखला लागतो. भरतीच्या तपासण्यांत हर्निया हे नाकारण्याचे जुने, सर्वत्र चालत आलेले कारण आहे. ज्या तपासणीने कामगाराचा आजार उघड होऊन त्याच्यावर उपचार व्हावेत, तिचाच उपयोग त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी होतो. मग तो काय करणार? गाठ दडवितो. तपासणीच्या दिवशी आत ढकलून, श्वास रोखून उभा राहतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी उभे राहून हिशेब करून पाहावा.

हिशेब असा. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराच्या मजुरीतून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. हे दर जुलै २०१९ पासूनचे आहेत. आजारपणात या योजनेखाली मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. कागदावर ही तरतूद भक्कम आहे. परंतु त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राट बदलले, नवा कंत्राटदार आला, मधले काही आठवडे काम बसले, जुन्याने नाव नोंदविले पण दिवस कमी दाखविले, की ७८ चा आकडा हुकतो आणि पैसा थांबतो. माणसाने वर्गणी भरली नाही असे यात काहीच नसते. त्याच्या मजुरीतून कापून घेतलेल्या रकमेचे काय झाले, हे विचारण्याची सोय त्याला नसते.

याच योजनेत दुसरी एक तरतूद आहे. कामामुळे इजा झाली असेल तर मिळणारी रक्कम ७० नव्हे, ९० टक्के असते, आणि तिला वर्गणीच्या दिवसांची अटच नाही; कामावरच्या पहिल्या दिवसापासून ती लागू होते. पाचशे रुपये रोजाच्या माणसाला महिनाभर घरी बसावे लागले तर आजार म्हणून साडेदहा हजार रुपये, तेही अट पुरी झाल्यास. कामाची इजा म्हणून साडेतेरा हजार, अटीविना. म्हणजे हर्निया हा ‘आजार’ की ‘कामाची इजा’, हा प्रश्न शब्दांचा राहत नाही. शस्त्रक्रिया आज करावयाची की गाठ अडकेपर्यंत ढकलावयाची, हे त्या उत्तरावर ठरते.

कायद्याचे उत्तर काय आहे? व्यवसायजन्य रोगांची जी यादी भरपाई कायद्याला आणि विमा कायद्याला जोडलेली होती, तिच्यात हर्निया नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो नाही. एखादे विशिष्ट ओझे उचलताना गाठ आली असे सिद्ध केले तर अपघात म्हणून दावा करता येतो. पण गाठ बहुधा एका क्षणात येत नाही, ती वर्षांच्या ओझ्याने येते, आणि मालकाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. तो म्हणतो, कच्ची जागा जन्मजात होती. खरे आहे, होती. पण जन्मजात कच्च्या जागेचे आतडे कोणी बाहेर ढकलले? डेन्मार्कमध्ये सुमारे पंधरा लाख पुरुषांच्या व्यवसायाच्या आणि शस्त्रक्रियांच्या नोंदी जुळवून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की जांघेतील हर्नियाचा जो प्रकार या जन्मजात वाटेने उतरतो, त्याची शस्त्रक्रिया दिवसभर उभ्याने आणि ओझी उचलून काम करणाऱ्यांना अधिक प्रमाणात करावी लागते. दुसऱ्या प्रकारात हा संबंध दिसला नाही, हेही त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. याचा अर्थ कामगाराने प्रत्येक हर्निया मालकाच्या माथी मारावा असा नाही. परंतु ज्याने दहा वर्षे गोण्या वाहिल्या त्याच्या बाबतीत उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा, एवढे म्हणण्यास हा पुरावा पुरेसा आहे. अमेरिकेत जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या राज्यांच्या भरपाई कायद्यांत हर्नियाची स्वतंत्र कलमे आहेत. ती कडक आहेत, कामगाराला अनुकूल मुळीच नाहीत. पण हर्नियाचा कामाशी संबंध असू शकतो हे त्या भांडवलशाही देशाच्या कायद्यानेही मानलेले आहे.

आणि ओझ्याची मर्यादा? इजा होईल इतके जड ओझे कोणालाही उचलावयास लावू नये, असे १९४८ च्या कारखाने कायद्याचे ३४ वे कलम सांगत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली यासाठी स्वतंत्र करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचविली. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रातील हमालांनी पोत्याचे वजन शंभर किलोवरून खाली आणण्यासाठी किती वर्षे झगडा दिला, हे आपल्या वाचकांस आठवत असेल. १९६९ चा माथाडी कायदाही तसाच लढून मिळाला. छत्तीसगडमधील ओझे वाहणाऱ्या कामगारासाठी अशा मंडळाची मागणी करण्यास काहीच आडकाठी नाही. अर्थात मर्यादा ५० किलोची झाली तरी दिवसाकाठी किती खेपा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याबद्दल कायदा मुका आहे.

आता उपचारांकडे वळू. येथे मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी हकिगत आहे. आधुनिक शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील कच्च्या जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी बसवितात. जाळी चांगली, पण कंपन्यांनी लावलेली किंमत अशी की गरीब रोगी तेथेच माघारी फिरावा. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांसह साडेतीनशेहून अधिक शस्त्रक्रियांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. शहरी वैद्यकविश्वात काहींनी नाके मुरडली असतील. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली. अर्ध्यांना मच्छरदाणीची, अर्ध्यांना कंपनीची जाळी. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तो अभ्यास २०१६ साली जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात छापून आला. एका जाळीची किंमत साधारण एक डॉलर, दुसरीची सव्वाशेच्या घरात. मधल्या १२४ डॉलरांचा रोग्याच्या पोटाशी काही संबंध नव्हता, हे आता सिद्ध झाले आहे.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच वगळली. रोग्याच्या स्वतःच्या स्नायुपटलाची पट्टी वापरून कच्ची जागा बळकट करण्याची त्यांची पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये दोनशेहून अधिक रोग्यांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली, आणि तीन वर्षांनंतर परिणाम तोडीस तोड निघाले. या शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन होऊ शकतात. त्यांना दुर्बीण लागत नाही, अतिदक्षता विभाग लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित शल्यवैद्य, आणि तोच नाही. २०२१-२२ च्या सरकारी ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील सामूहिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने शल्यवैद्यांची तूट ऐंशी टक्क्यांहून अधिक होती. २०१८ पासून पाच लाखांच्या विम्याचे कार्ड आले. कार्ड शस्त्रक्रियेचे बिल भरते. बुडालेली मजुरी भरत नाही, आणि नसलेला शल्यवैद्य उभा करीत नाही.

मग शिबिरे भरवा, असे सुचविणारे असतातच. शिबिर म्हणजे काय होऊ शकते ते छत्तीसगडला कोणी सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळ पेंडारी येथे काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या शिबिरांच्या फेरीत १३ स्त्रिया दगावल्या. स्वस्त शस्त्रक्रिया आणि उरकलेली शस्त्रक्रिया यांतील अंतर या राज्याने जीव देऊन शिकलेले आहे.

दुसरा रस्ता याच भूमीवर दिसतो. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणीत कंत्राटी स्त्री-पुरुष हातांनी खनिज फोडून ट्रक भरीत असत. १९७७ च्या बोनस करारात कायम कामगाराला ३०८ रुपये आणि कंत्राटी कामगाराला ७० रुपये, अशी विभागणी झाली. त्या असंतोषातून शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. त्याच वर्षी २ आणि ३ जून रोजी पोलिसांच्या गोळीबारात ११ जण बळी पडले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचाराविना मरण पावल्या, आणि आपले इस्पितळ आपणच बांधावयाचे, असा निश्चय कामगारांनी केला. वर्गणी त्यांची, श्रमही त्यांचेच. ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू झाले. डॉ. बिनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे आले. खाणीतील कामगार स्वतः आरोग्य-कार्यकर्ते झाले. नियोगींच्या राजकारणाशी आपले मतभेद होते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांचा खून झाला, १ जुलै १९९२ रोजी भिलाईतच कायम नोकरी आणि जगण्यापुरती मजुरी मागणाऱ्या कामगारांवर गोळीबार होऊन दहाहून अधिक माणसे पडली, तरी ते मतभेद संपले असे म्हणण्याचे कारण नाही. पण इस्पितळाशी मतभेद असण्याचे काय कारण? रोग्याच्या कामाची चौकशी हा रोगनिदानाचाच भाग मानणारा दवाखाना कसा असतो, हे तेथे पाहावयास मिळाले आहे, आणि आपल्या संघटनांनी ते पाहून यावे.

आपल्या शाखांना इस्पितळ बांधणे झेपणार नाही, हे मान्य. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. गेटपासच्या तपासणीत हर्निया आढळलेल्या कामगाराला नाकारता येणार नाही. त्याची शस्त्रक्रिया करून त्याला त्याच हजेरीवर परत घ्यावे लागेल, ही मागणी प्रत्येक कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी मुख्य मालकापुढे ठेवता येते. कंत्राटदार बदलला तरी विम्याचा क्रमांक तोच राहिला पाहिजे आणि भरलेले दिवस दर महिन्याला कामगाराला कळले पाहिजेत. ७८ चा आकडा हुकण्याआधीच संघटनेला समजले तर भांडता येते, नंतर फक्त हळहळता येते. व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत ओझे वाहणाऱ्यांचा हर्निया घालावा, ही मागणी दिल्लीपर्यंत नेण्याचे काम केंद्रीय कामगार संघटनांचे आहे. ती आजवर कोणाच्याच मागणीपत्रकात ठळकपणे दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

आणि सर्वांत लहान काम वस्तीतले. विमा दवाखान्यातील डॉक्टर केसपेपरवर ‘उजव्या जांघेतील हर्निया’ एवढेच लिहितो. त्याच्या दृष्टीने ते पुरेसे असते. कामगाराबरोबर गेलेल्या कार्यकर्त्याने तेथेच आग्रह धरावा की पुढच्या ओळीत त्याचे काम लिहिले जावे : कोणते ओझे, किती किलोचे, दिवसाला किती खेपा, किती वर्षे, गाठ प्रथम केव्हा दिसली, आणि कोणत्या कंत्राटदाराकडे. दावा उद्याचा असो वा दहा वर्षांनंतरचा, मालकाच्या वकिलाला उत्तर देण्यासाठी पुढे उपयोगी पडते ती हीच ओळ, आणि ती नंतर कोणालाही घालता येत नाही.